खोडलेली पायरी

ह्यांची वाचा गेली त्या दिवशी आमच्या राईस मिलचा आवाजही गेला, असं आमच्या नात्यात कोणी कोणी सांगतं. ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. मिल दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू करावी लागली, कारण टाक्यांत धान भिजत पडलं होतं. भिजलेलं धान कोणाच्या आजारपणासाठी थांबत नाही. वेळेत उकडलं नाही तर त्याला आंबूस वास सुटतो. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून फोनवर "सुरू करा" म्हटलं आणि तेव्हापासून मिल माझ्या गळ्यात पडली. मला तिच्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं.

मी गोंदियातल्या एका शाळेत बावीस वर्षं गणित शिकवत होते. आमचं घर मिलच्याच आवारात, मुर्री गावाच्या बाजूला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धान वाळवायचं सिमेंटचं मोठं आंगण दिसतं. ते मी रोज पाहायचे, पण गाडीत बसलेला माणूस बाहेरची शेतं पाहतो तसं. हे मला मास्तरीण म्हणायचे. धानाच्या गोष्टीत मी तोंड घातलं की चिडवायचे, "मास्तरीण, तुझ्या पुस्तकातलं धान लवकर वाळते." मी रागावून वही तपासायला घ्यायचे.

डॉक्टरांनी सांगितलं की उजवं अंग गेलंय, बोलणं गेलंय, पण समज शाबूत आहे. ऐकलेलं सगळं कळेल, फक्त उत्तर बाहेर येणार नाही. हसू आणि रडू मात्र आता त्यांच्या ताब्यात राहणार नाही, कधीही येईल, त्याचा फार अर्थ लावत बसू नका, असंही ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य मी नको तितकं मनावर घेतलं. बोलण्यासाठी आम्ही एक खूण ठरवली. माझा हात त्यांच्या डाव्या हातात द्यायचा. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही.

घरी आणलं त्या दिवशी त्यांची खुर्ची खिडकीशी लावली आणि मी पहिला प्रश्न विचारला, मिल चालू ठेवायची का. त्यांनी माझा हात एकदाच दाबला, पण इतक्या जोरात की बांगडी मनगटात रुतली. मी म्हटलं, ठेवते, बंद पडू देणार नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, आणि मी पदर खोचून कामाला लागले.

आमच्यासारख्या मिलचं काम सरळ असतं. सरकार धान देतं, आपण ते भिजवून, उकडून, वाळवून त्याचा उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा आणि सरकारी गोदामात पोचवायचा. एक ट्रक म्हणजे एक लॉट. गोदामाच्या दारात तपासनीस पोत्यात परखी खुपसतो, ती पोकळ सळई बाहेर काढून दाणे तळहातावर घेतो, आणि तुटलेला दाणा ठरल्यापेक्षा जास्त निघाला की ट्रक परत. त्या हंगामात चार लॉट परत आले तर यादीतून मिलचं नाव कापलं जाणार होतं. आणि नाव कापलं की आमच्या मिलला भरडायला दुसरं धान नव्हतं. आंगणावरच्या तीस बाया, टाकीवरचे आणि मशीनवरचे गडी, सगळ्यांच्या हातचं काम त्यावर होतं. आणि खिडकीशी बसलेला एक माणूस होता, ज्याला त्या मशीनच्या आवाजाशिवाय आता दुसरं काही उरलं नव्हतं.

मला भीती वाटायची, हे कबूल करते. गडी काही विचारायचे, ते मला कळायचं नाही, आणि कळलं नाही हे त्यांना कळू नये म्हणून मी कपाळाला आठ्या घालायचे. शाळेत बावीस वर्षं हेच जमलं होतं.

अशात नागपूरला छोट्या उद्योजकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असल्याचं कळलं. विषय होता निर्णय कसे घ्यावेत आणि अडचणी पद्धतशीर कशा सोडवाव्यात. नणंदेला ह्यांच्याजवळ ठेवून मी गेले. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा, पुण्याचा, पण हुशार. तो फळ्यावर चौकटी काढायला लागला आणि माझा जीव इतक्या दिवसांनी भांड्यात पडला. कामाच्या सगळ्या पायऱ्या ओळीने मांडा. अडचणीच्या फांद्या काढा, फांदीला फांदी, अशा की एकही कारण बाहेर राहू नये. पाच वेळा "का" विचारा म्हणजे मुळाशी पोचाल. अनेक पर्याय असले तर त्यांना गुण द्या आणि बेरीज करा. ही भाषा माझी होती. बाजारात हरवलेल्या पोराला ओळखीचं माणूस दिसावं तसं मला झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की आपापल्या धंद्याच्या पायऱ्या काढा आणि प्रत्येक पायरीला विचारा: इथे मालात काही बदल होतो का? होत नसेल तर ती पायरी फुकटची, खोडून टाका. मी काढल्या. भिजवणं, उकडणं, आंगणावर पसरणं, पायांनी फिरवणं, मग ढीग करून ताडपत्रीखाली झाकून ठेवणं, पुन्हा पसरणं, मशीनला लावणं. ढिगाशी माझं बोट थांबलं. अर्धवट वाळलेलं धान गोळा करून झाकतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत हात लावत नाहीत. बाया त्याला धान निजवणं म्हणतात. धान निजतं आणि बायाही सावलीत बसतात, हे मी खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. मालात बदल काय होतो? काहीच नाही. मी लाल पेनाने ती पायरी खोडली. दर लॉटमागे जवळजवळ एक दिवस वाचत होता.

त्या मुलाने माझा कागद सगळ्या वर्गाला पडद्यावर दाखवला. टाळ्या वाजल्या. पन्नाशीच्या बाईला टाळ्यांची इतकी भूक असते, हे मला तेव्हाच कळलं.

परत येऊन मी आंगणावरच्या मुकादम बाईला सांगितलं की आता ढीग बंद, सरळ वाळवायचं आणि उचलायचं. ही मावशी दरेकशाची. हंगामात मिलच्या मागच्या खोलीत राहायची, हंगाम संपला की पॅसेंजरने गावी जायची. ह्यांच्याकडे तिची पंचवीस-तीस वर्षं झाली होती. ती म्हणाली, धान निजल्याबिगर फुटते जी. मी विचारलं, कशावरून? तिला सांगता येईना. निजते जी, निजाव लागते, इतकंच म्हणत राहिली. प्रशिक्षणातल्या तक्त्यात "बदलाला होणारा विरोध" असा एक रकाना होता. मी तिच्यासमोरच तो काढला आणि त्यात तिचं बोलणं लिहून घेतलं. तिने माझ्या पेनाकडे पाहिलं आणि टोपलं उचलून गेली.

ह्यांना मी मोठ्या आनंदाने सांगितलं. तुमच्या हातून तीस वर्षांत सुटलं ते मास्तरणीने तीन दिवसांत धरलं, असं चिडवलंसुद्धा. ते खुर्चीत पुढे झाले. तोंडातून "आ, आ" असा आवाज काढायला लागले, आणि रडायला लागले, हुंदके देऊन. मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. मी त्यांचे डोळे पुसले आणि म्हटलं, पुरे आता, एवढं कौतुक नको.

पहिला लॉट परत आला तेव्हा वाटलं, होतं कधी कधी. दुसरा परत आला तेव्हा मी स्वतः गोदामावर गेले. तपासनिसाने तळहातावरचे दाणे माझ्यापुढे धरले. "मैडम, दाना तो अच्छा है, पर टूट रहा है. टुकड़ा बहुत है." त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. दाणे खरोखरच तुटलेले होते, आडवे, मधोमध, खडूसारखे. तिसऱ्या लॉटला मी मशीनवाल्याला मशीन हळू चालवायला लावलं. तोही परत आला.

मग मी पाच "का" काढले. आंगणावर, सगळ्या बायांसमोर, कागद हातात घेऊन. त्यांना परकं वाटू नये म्हणून मी त्यांच्याच बोलीत, "का" न म्हणता "काऊन" विचारलं. इथे मालकाच्या तोंडून "काऊन" आलं की ते विचारणं नसतं, झापणं असतं, हे मला इतकी वर्षं इथे राहून समजायला हवं होतं.

तांदूळ काऊन तुटला? मशीनीत तुटला जी, मुकादम मावशी म्हणाली. मशीनीत काऊन तुटला? दाना आधीच फुटून आला. फुटून काऊन आला? वारवताना फुटला, वाळवण्याला त्या वारवणं म्हणतात. वारवताना काऊन फुटला? इथे ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे, जिथे हे बसले होते. मी पुन्हा विचारलं. तिने टोपल्यातले दाणे उचलून पुन्हा टोपल्यात टाकले. मी तिसऱ्यांदा विचारलं, वर्गात विचारायचे त्या आवाजात. ती टोपल्यातले खडे वेचायला लागली.

उत्तर न देणाऱ्या मुलाला उत्तर येत नसतं, एवढंच मला बावीस वर्षं माहीत होतं. कागदावरची मोकळी जागा मला सहन झाली नाही. मी तिथे लिहिलं, "देखरेखीत कुचराई". सोमवारपासून मुकादमकीचं काम दुसरी बाई पाहील, असं मी मावशीला सांगितलं. ती त्याच दुपारच्या गाडीने दरेकशाला गेली. जाताना खिडकीखाली उभी राहून ह्यांना हात जोडले. हे खुर्चीतून उठायला गेले आणि पडता पडता वाचले.

त्यांचं जेवणाचंही तेव्हापासूनच बिघडलं, किंवा मला तेव्हा दिसलं. ताटात भात वाढला की ते कालवायचे नाहीत. डाव्या हाताने भात सगळा मधोमध ओढायचे, त्याचा ढिगारा करायचे आणि मांडीवरचा हातरुमाल त्यावर टाकायचे. मग माझ्याकडे पाहत बसायचे. रुमालाला वरण लागायचं, भात गार व्हायचा. पहिल्यांदा मी हसले. नंतर मी रोज तो रुमाल उचलून, भात मोडून, घास भरवायला लागले. डॉक्टर काही म्हणोत, समज चाललीय, असं मी नणंदेला हळू आवाजात सांगितलं. एकीकडे मिल जात होती आणि दुसरीकडे माणूस.

चौथा लॉट उरला होता. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला फांद्यांचं चित्र काढलं आणि ह्यांच्यासमोर बसले. एवढी अक्कल आधी का सुचली नाही, असं मलाच वाटलं. बोलता येत नाही तर काय झालं, हो-नाही तर सांगता येतं. एकेका चौकटीवर बोट ठेवून विचारायचं ठरवलं.

धानाची जात चुकली? दोनदा दाबलं. भिजवण कमी पडली? दोनदा. वाफ जास्त? दोनदा. मशीन? दोनदा. वाळवण? त्यांनी एकदा दाबलं आणि हात सोडलाच नाही. मावशी तेच म्हणाली होती, तिसऱ्या प्रश्नाला. मी वाळवणीच्या फांदीखालच्या चौकटी घेतल्या. ऊन जास्त लागलं? नाही. थर पातळ पसरला? नाही. पाय कमी फिरले? नाही. उशिरा उचललं? नाही. बाया कमी होत्या? नाही. फांदी संपली. मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, सावकाश. पुन्हा वाळवणीला हो आणि तिच्या पोटातल्या प्रत्येक चौकटीला नाही. ते घामाघूम झाले होते. माझ्या हातातलं पेन ओढून घ्यायला बघत होते, पण डाव्या हाताने त्यांना रेघही ओढता येत नव्हती. कागदावर नुसती गिचमीड झाली.

गणिताच्या बाईला हे सांगावं लागत नाही. फांदी खरी असेल आणि तिच्या पोटातली एकही चौकट खरी नसेल, तर दोनच गोष्टी होऊ शकतात. चित्र अपुरं आहे, किंवा उत्तर देणारा चुकतोय. मी कागदाकडे पाहिलं. तो नेटका होता, रेघा सरळ होत्या, आणि मी तो माझ्या पायऱ्यांच्या कागदावरून, एकही पायरी न सोडता उतरवला होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळली होती, आणि ते पुन्हा रडत होते. मी ठरवलं की उत्तर देणारा चुकतोय.

त्या कागदावर मी त्यांना शून्य दिलं.

मग राहिलं गुण देणं. मशीनचे रबराचे रोल बदलणं, धान आणखी कडक वाळवणं, मशीनचा दाब कमी करणं, तीन पर्याय. खर्च, वेळ, खात्री, असे रकाने पाडून मी गुण दिले आणि बेरीज केली. रोल बदलणं पहिलं आलं. रोल बदलले. ऊन चांगलं होतं, बाया दिवसभर पाय ओढत धान फिरवत होत्या, नव्या मुकादम बाईचा मला एकही प्रश्न आला नाही. चौथा लॉट दोन दिवसांनी सकाळी निघाला. ट्रक गेटबाहेर पडला तेव्हा मी देवाला हात जोडले. गणिताचा पेपर देऊन आलेली पोरं जोडतात तसे.

दुपारी मी ह्यांना जेवायला वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. फोन मी ताटाशेजारी ठेवला होता. त्यांनी भात ओढला, ढिगारा केला, रुमाल टाकला.

माझा तोल गेला. मी रुमाल हिसकावला आणि त्यांच्या हातावर फटका मारला, जोरात, आवाज होईल असा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. "लहान मूल झालात का? मी इथे मरून राहिले अन् तुम्ही भाताशी खेळता?" त्यांनी हात मागे घेतला नाही. विस्कटलेला भात त्यांनी पुन्हा गोळा केला, एकेक शीत, ताटाच्या कडेचंसुद्धा. रुमाल माझ्या मुठीत होता, म्हणून त्यांनी आपला पंजा त्या ढिगावर पालथा ठेवला, आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

मीही पाहिलं. भर उन्हात आंगणावर धान सपाट पसरलं होतं. एका कोपऱ्यात मोठी ताडपत्री घडी घालून ठेवली होती, नागपूरहून मी आल्यापासून तशीच. तिच्यावर धूळ बसली होती आणि एक कुत्रं झोपलं होतं.

मी ताटाकडे पाहिलं, ताडपत्रीकडे पाहिलं. मी माझा हात त्यांच्या हाताखाली सरकवला, भातात, आणि विचारलं, "ढीग?"

त्यांनी एकदा दाबलं. मग सोडून पुन्हा एकदा. मी घाबरले, दोनदा म्हणजे नाही. पण ते दाबतच राहिले, एकदा, एकदा, एकदा, आणि त्यांच्या घशातून असा आवाज यायला लागला की नणंद धावत आली.

माझ्या फांद्यांच्या चित्रात ढिगाची चौकट नव्हती. कशी असेल? ते चित्र मी पायऱ्यांच्या कागदावरून काढलं होतं आणि त्या कागदावर ती पायरी मीच खोडली होती. जे कारण होतं ते मी आधी पुसलं, आणि मग उरलेल्यांत कारण शोधत बसले. शिकवणाऱ्या मुलाने सांगितलं होतं की प्रत्येक फांदीला शेवटची एक चौकट "इतर" म्हणून मोकळी सोडा. मी सोडली नव्हती. मुलं उत्तर येत नसलं की "इतर" लिहितात, म्हणून मला तो शब्द शाळेपासूनच आवडत नाही.

फोन तीनच्या सुमारास वाजला. ट्रक परत फिरला होता. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी दरेकशाला गेले. काय करायला, ते मला धड माहीत नव्हतं. मावशीला परत आणावं, एक लॉट नीट करून गोदामावर घेऊन जावं, तपासनिसाचे पाय धरावेत, असं काहीबाही डोक्यात होतं. कचारगडच्या जत्रेत त्या छोट्या स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मी एकटी उतरले. मावशी घराच्या ओट्यावर मोहाची फुलं वाळत घालत होती. मला पाहून तिने पदर सावरला, पाणी दिलं, आणि आधी विचारलं की मालक जेवतात का बराबर.

मी सगळं सांगितलं. ताट, रुमाल, फटकासुद्धा. ती ऐकत होती, बोटांनी फुलं पसरत होती. दाणा आत आणि बाहेर सारखा वाळत नाही, ती म्हणाली, वरून वाळतो आणि आत ओल राहते, झाकून ठेवलं की आतली ओल हळूहळू वर येते. असा घाईघाईत वाळवला की तो फुटणारच. हे मी विचारलं होतं त्या दिवशी तिने का सांगितलं नाही, असं मी म्हटलं.

"तुमाले सांगतलं होतं जी. तुमी लिवून घेतलं."

मी म्हटलं, मग त्या दिवशी, पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा?

तिने हात थांबवले. "तवा साऱ्या बाया उभ्या होत्या. मालक वर बसून होते. त्यायच्या देखत तुमचं नाव कसं घेऊ? तुमी काऊन काऊन करून राहिल्या होत्या, अन् त्याचं उत्तर तुमीच होत्या."

मग फुलं उलटत तिने आणखी एक सांगितलं. मिल नवी होती तेव्हा मालकांनीही एक वर्ष घाईत ढीग बंद केला होता आणि तो सगळा तांदूळ फुटला होता. तेव्हापासून ते ताडपत्री स्वतःच्या हाताने झाकायचे, कोपरे स्वतः दाबायचे. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मास्तरणीसमोर चूक कबूल करायची लाज वाटली असेल, किंवा मी कधी विचारलं नसेल. मी विचारलं नव्हतं.

मावशी माझ्याबरोबर आली नाही. नाव कापल्यावर येऊन काय करू, म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. ह्यांच्यासाठी म्हणून तिने मोहाची फुलं कागदात बांधून दिली.

यादीतून नाव कापल्याचं पत्र आठवड्यात आलं. तपासनिसाचे पाय धरून काही झालं नसतं, आणि त्याची काही चूकही नव्हती. आंगणावरचं उरलेलं धान दुसऱ्या मिलला गेलं. शेवटच्या दिवशी गड्यांनी मशीन रिकामी होऊ दिली आणि बंदचं बटण दाबलं. आवाज बारीक होत होत थांबला. ह्यांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. मी त्यांच्या पायाशी बसले होते. बंद पडू देणार नाही, असं मी ज्या माणसाला सांगितलं होतं, त्याच्याकडे मान वर करून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

नागपूरला शिकवणाऱ्या त्या मुलाचा मध्ये निरोप आला होता, माझा पायऱ्यांचा कागद त्याला पुढच्या वर्गात दाखवायचा होता. मी हो म्हटलं. फक्त लाल रेघेखाली काय होतं तेही दाखव, असं लिहिलं. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आता आम्ही दोघंच असतो. आंगणावर पावसाळ्यात गवत उगवलं, ते मी काढलं नाही. मी रोज ह्यांना विचारते, हातात हात देऊन, सगळं विचारते, आणि शेवटी आठवणीने विचारते, अजून काही? दुसरं काही? ते दोनदा दाबतात.

दुपारी मी भात वाढते, मऊ, मोकळा, आणि हातरुमाल धुऊन घडी करून त्यांच्या डाव्या हाताला लागेल असा ठेवते. मग समोर बसून वाट पाहते. एकदा तर मीच ताटात भाताचा ढीग केला, त्यावर रुमाल टाकला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी रुमाल उचलून बाजूला ठेवला, भात मोडला, वरण कालवलं, आणि मुकाट्याने जेवले.